पाव, दीड, अडीच : हिशेबातले शब्द आणि घरातले कागद

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत माझ्यासमोर दोन भावांच्या जमिनीचे एक प्रकरण आले होते. गाव आणि कार्यालय यांची नावे सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या आजोबांच्या वेळचे मोडीतले वाटणीपत्र आणि त्यावरून पुढे कोणीतरी तयार केलेली नक्कल असे दोन कागद माझ्या टेबलावर होते. नकलेत थोरल्या शाखेचा हिस्सा २ एकर ११ गुंठे असा होता. थोरल्या भावाचे म्हणणे असे की, घरात लहानपणापासून 'अडीच एकराचे शेत' हेच नाव ऐकले आहे. मग हे अकरा गुंठे कोठून आले? धाकट्याचे म्हणणे एवढेच की, कागद काय सांगतो ते पाहा.

मी मूळ कागद उजेडाकडे धरून पाहिला. तेथे दोनच्या आकड्यापुढे दोन उभ्या रेघा होत्या : २॥. नक्कल करणाऱ्याने त्या रेघा म्हणजे इंग्रजी अकरा समजून गुंठ्यांच्या रकान्यात टाकल्या होत्या. वास्तविक ज्याने जुनी कीर्द-खतावणी एकदा तरी पाहिली आहे, त्याला हे ठाऊक असते की एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. २॥ म्हणजे अडीच. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. त्यांचे अकरा झाले आणि नऊ गुंठे जमीन, म्हणजे ९,८०१ चौरस फूट, दोन रेघांच्या वाचनात नाहीशी झाली. मी तसे टिपण लिहिले. पुढे दुरुस्ती झालीही. पण तिला तीन वर्षे लागली आणि तोवर थोरला भाऊ राहिला नव्हता.

त्या प्रकरणानंतर मी आपल्या भाषेतील अपूर्णांकांच्या शब्दांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे, औट हे शब्द आपण दिवसातून कितीदा उच्चारतो, कोणत्या शब्दांशी त्यांची जोडी लावतो आणि त्या जोड्यांत किती इतिहास साठलेला आहे, याचा हा थोडासा धांडोळा.

माझे आजोबा शहापुरातील एका साडीच्या पेढीवर दिवाणजी होते. शहापूर त्या काळी सांगली संस्थानात आणि लगतचे बेळगाव इंग्रजी अमलात. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. खासबाग, शहापूर, वडगाव या पट्ट्यात मागांचा खडखडाट चालू असे. मी शाळेत जाऊ लागलो तोपर्यंत नवे पैसे येऊन बरीच वर्षे लोटली होती, तरी आजोबा संध्याकाळी दिवा लागला की पाढ्यांना बसवीत. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. 'अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात, अडीच चोक दहा' असा तो ठेका होता. औट म्हणजे साडेतीन. औटकीपाशी आम्ही सारी भावंडे अडखळत असू आणि आजोबा शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावयास लावीत.

हे सर्व कशासाठी, असे एकदा मी धीर करून विचारले होते. त्यांनी रविवारी खासबागेच्या बाजारात नेले आणि तेथे उत्तर दिले. मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळीसला सोळांनी भागले की अडीच. म्हणून जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. चौदा रुपये मण गूळ असेल तर अडीच शेराला चौदा आणे, पाच शेराला पावणेदोन रुपये, सव्वा शेराला सात आणे. कागद नाही, पेन्सिल नाही. अडीचकी हा मुलांना दिलेला जाच नव्हता. मण आणि रुपया या दोन मापांमधला तो पूल होता. ज्याला अडीचकी येत नसे तो बाजारात फसे, आणि ज्याला येई त्याला फसविण्याच्या फंदात कोणी पडत नसे.

आता हे शब्द आले कोठून? मराठीने ते संस्कृत-प्राकृताच्या वाटेने घेतले आहेत आणि त्यांची घडण मोठी चतुर आहे. 'पाव' म्हणजे पाद, पाय. चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. 'पाऊण' म्हणजे पादोन, एक पाय उणा. 'सव्वा' म्हणजे सपाद, एका पायासह. 'साडे' म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. दीड, अडीच आणि औट यांची रीत याहून वेगळी. 'अडीच' म्हणजे अर्धतृतीय : तिसरा अर्धाच झाला आहे. 'औट' म्हणजे अर्धचतुर्थ : चौथा अर्धाच झाला आहे. 'दीड' हाही त्याच रीतीचा, दुसरा अर्धा. म्हणजे आपले पूर्वज दोन पूर्ण झाल्यावर त्यांत अर्धा मिळवीत नव्हते. ते तिसऱ्याकडे निघालेले असत आणि वाटेत अर्ध्यावर थांबून मोजत.

कानडीत हीच गोष्ट कशी सांगतात ते पाहण्यासारखे आहे. कानडीत पावाला 'कालु' म्हणतात आणि 'कालु' म्हणजेच पाय. पाऊण म्हणजे 'मुक्कालु', तीन पाय. आपण चार पायांतून एक वजा केला, त्यांनी तीन मोजले. जनावर मात्र एकच. दीड, अडीच यांसाठी प्रमाण कानडी एकात अर्धा, दोनात अर्धा असे जोडून सांगते. पण आपल्या बेळगाव-धारवाडकडची बोली ऐका. येथील कानडी माणूस पाव किलो मागतो आणि दीडशेला 'दीडनूर' म्हणतो. कोणी कोणाचे घेतले आणि कोणी कोणाला दिले याचा हिशेब बाजाराने कधीच ठेवला नाही.

याहून मोठे आश्चर्य मला निवृत्तीनंतरच्या वाचनात भेटले. सम्राट अशोकाचे लघुशिलालेख कर्नाटकात अनेक ठिकाणी आहेत. त्यांपैकी चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरीचा लेख बी. एल. राइस यांना १८९२ मध्ये आढळला, आणि रायचूर जिल्ह्यातील मस्कीचा, ज्यात अशोकाचे प्रत्यक्ष नाव येते तो, १९१५ मध्ये बीडन नावाच्या खाणअभियंत्यास सापडला. आपण उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला असे राजा त्यात सांगतो आणि धर्माचे आचरण दीडपट वाढेल अशी अपेक्षा व्यक्त करतो. तेथे अडीचसाठी 'अढातिय' आणि दीडसाठी 'दियढिय' असे शब्द आहेत. म्हणजे आज आपण भाजीवालीशी घासाघीस करताना जे दोन शब्द वापरतो, त्यांचे पूर्वज इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कर्नाटकातील खडकावर कोरले गेले. यावरून तेथे तेव्हा मराठी बोलली जात होती असा अर्थ कोणी काढू नये. ती राजशासनाची प्राकृत भाषा होती. आणि दीड-अडीच हे शब्द 'बाहेरून आलेले' आहेत असेही येथे कोणी कोणास म्हणू नये. बावीसशेहून अधिक वर्षे या मातीत असलेल्या शब्दांना रहिवासाचा दाखला मागणे शोभत नाही.

गणिताच्या ग्रंथांतही चाराची आणि सोळाची ही परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील लीलावतीच्या आरंभीच नाण्यांची कोष्टके आहेत : वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. इंग्रजी अमलातील सोळा आण्यांचा रुपया हा काही साहेबाचा शोध नव्हता. भास्कराचार्यांचे गाव चाळीसगावकडचे की विजापूरकडचे, यावर विद्वानांत वाद आहे. सीमाभागातील माणसाला तो वाद ऐकून हसू येते. निदान त्यांची कोष्टके तरी दोन्हीकडे सारखी होती.

मराठ्यांचे राज्यकारण तर एका अपूर्णांकावरच उभे होते. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून सनदा घेऊन परतले, त्या दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या होत्या. विजापूरचा सुभाही त्यांत होता. पुढे या चौथाईचीही वाटणी ठरली : पंचवीस टक्के राजबाबती म्हणजे छत्रपतींची, सहा टक्के साहोत्रा, तीन टक्के नाडगौडा आणि उरलेले सहासष्ट टक्के मोकासा. यातील 'साहोत्रा' म्हणजे शेकड्यावर सहा. 'नाडगौडा' हा शब्द तर सरळ कानडी, नाडाचा म्हणजे परगण्याचा गौडा. छत्रपतींच्या हिशेबाच्या वहीत कानडी शब्द मानाने बसला होता आणि त्याचा तीन टक्क्यांचा हिस्साही ठरलेला होता. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इकडे स्थिरावलेल्या घरांना हा तपशील मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा वाटावा.

आकडे हिशेबातून निघून बोलण्यात शिरले की त्यांना स्वभाव येतो. प्रत्येक अपूर्णांकाची संगत ठरलेली असते आणि ती सहसा बदलत नाही. 'सव्वा' हा मंगल. दक्षिणा सव्वा रुपया, सत्यनारायणाच्या प्रसादाचे माप सव्वाचे, बाळंतिणीचा विटाळ सव्वा महिन्याचा, आणि एकावर कुरघोडी करणारा दुसरा भेटला की शेरास सव्वाशेर. पूर्ण भरून वर थोडे उरले, ही सव्वाची भावना आहे. याच्या उलट 'दीड'. पूर्णापेक्षा तोही जास्तच, पण त्याच्या वाट्याला उपहास आला : दीड शहाणा, दीडदमडीचा. पाव वाढला तर बरकत, अर्धा वाढला तर आगाऊपणा, असा काहीसा आपल्या समाजाचा न्याय दिसतो.

'अर्धा' नेहमीच कमीपणाचा. अर्धवट, अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणारा, अर्धांगवायू. अपवाद अर्धांगीचा, पण तेथेही नवरा मात्र पुरुषोत्तम, त्याला कोणी अर्धा म्हणत नाही! 'औट' हा क्षणभंगुर. औटघटकेचे राज्य म्हणजे साडेतीन घटकांचे. घटका चोवीस मिनिटांची धरली तर अवघी चौऱ्याऐंशी मिनिटे. आपला देहही औट हाताचाच, म्हणून की काय, या शब्दाला वैराग्याची छटा चिकटली. आणि 'साडे' हा दैवाचा. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, पेशवाईतील साडेतीन शहाणे. आणि शनी एकेका राशीत अडीच वर्षे, अशा तीन राशी, म्हणून साडेसाती. अडीच त्रिक साडेसात! आजोबांची अडीचकी ज्योतिष्यालाही सुटलेली नाही.

साडेतीन शहाण्यांची गणती मला विशेष मार्मिक वाटते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणीस मात्र अर्धे, कारण ते कारभारात निष्णात असले तरी तलवारीचे गडी नव्हते, असे परंपरा सांगते. साऱ्या मराठी राज्याचे जमाखर्च ज्यांनी सांभाळले त्यांनाच लोकांनी अपूर्णांकात बसविले. आयुष्यभर कचेरीत फायली सांभाळलेल्या माणसाने यातून योग्य तो बोध घ्यावा.

फारसीनेही आपल्याला एक अर्धा दिला. 'नीम' म्हणजे अर्धा. त्यावरून निमकी, निमशहरी, निमसरकारी, निमलष्करी. इंग्रजी अमलात कचेऱ्यांतून 'डेमी-ऑफिशियल' पत्र आले. त्याचे मराठीत झाले अर्धशासकीय पत्र आणि कानडीत 'अरे सरकारी पत्र'. कानडीत 'अरे' म्हणजे अर्धा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात हा शब्द ऐकून, साहेब सरकारला 'अरे' म्हणून हाक कशी मारतात, असे मला वाटले होते. त्यानंतर अशी शेकडो पत्रे मी स्वतः लिहिली. इंग्रजीचा 'हाफ' तर आता घरचाच झाला आहे : हाफ तिकीट, हाफ पँट, हाफ डे, हाफ शर्ट. 'क्वार्टर' मात्र दोनच ठिकाणी टिकला, सरकारी निवासस्थानात आणि मद्याच्या दुकानात. भाजीच्या दुकानात त्याची अद्याप डाळ शिजलेली नाही. इंग्रजी 'हाफ' शब्दांच्या अनेक जोड्या आपण जशाच्या तशा उचलल्या, पण 'वन अँड अ हाफ' किंवा 'टू अँड अ हाफ' आपण उचलले नाही. त्यांची गरजच पडली नाही. आपल्याकडे त्या जागी एकेक शब्द होता, आणि चार शब्दांपेक्षा एक शब्द जिभेला सोपा.

मापे बदलली तरी शब्द कसे तग धरतात, याचे उदाहरण आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्यांचे शंभर झाले. सात वर्षांनी, १९६४ मध्ये, 'नवा' हे विशेषणही गळले. वजनांची दशमान पद्धती १९५८ पासून टप्प्याटप्प्याने येऊन १९६२ पर्यंत सर्वत्र झाली. शेर गेला, पण पाव राहिला. ऐंशी तोळ्यांच्या शेराचा पावशेर म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम होता. किलोचा पाव २५० ग्रॅमचा झाला. माप सतरा ग्रॅमने वाढले, शब्द तोच. पंचवीस पैशांची पावली ३० जून २०११ पासून चलनातून गेली. 'सोळा आणे खरे' मात्र आजही म्हटले जाते आणि ऐकणाऱ्याला ते कळते. महसूल खात्यात पिकाची आणेवारी होती, तिची पैसेवारी झाली. तरी जुने तलाठी बोलताना 'आणेवारी'च म्हणत.

दशमान पद्धतीने व्यवहार सोपा केला, यात शंका नाही. तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. परंतु जुन्या मोजणीची एक खुबी सांगितल्यावाचून राहवत नाही. रुपयाचे आणे सोळा आणि आण्याच्या पै बारा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तीन भावांत घर वाटावयाचे झाल्यास प्रत्येकाला पाच आणे चार पै. तीन पंचके पंधरा आणे आणि बारा पैंचा सोळावा आणा. बाकी शून्य. सहा वारस असतील तर प्रत्येकी दोन आणे आठ पै, तेही बरोबर. शंभरांत मात्र तिघांचे कधीच जुळत नाही. तेहतीस पूर्णांक तेहतीस शतांश तिनांदा घेतले तरी शतांश उरतोच, आणि तो कोणाचा हे कोणताही कायदा सांगत नाही. जुन्या वाटणीपत्रांत '०-५-४' असे लिहिलेले आढळते, ते हेच. आजचा तरुण कारकून त्याला चोपन्न समजला तर दोष त्याचा नाही. त्याला ते कोणी शिकविलेच नाही.

आणि येथेच मी सुरुवातीच्या दोन रेघांकडे परत येतो. शब्द टिकले आहेत. त्यांची काळजी करण्याचे फारसे कारण मला दिसत नाही. माझी नात इंग्रजी माध्यमात शिकते. ती शाळेत 'वन पॉइंट फाइव्ह' म्हणते आणि घरी आजीकडे दीड लाडू मागते. एक तिचा आणि अर्धा भावाच्या वाट्यातला. 'पावणेदोन' म्हणजे पाऊण की दोन, असा तिचा गोंधळ होतो, पण दोन-चार वेळा घड्याळ दाखविल्यावर तोही मिटला. शब्द ऐकून ऐकून येतात.

रेघा मात्र ऐकून येत नाहीत. त्या कोणीतरी बोट ठेवून दाखवाव्या लागतात. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. पावलीखालचे आणे आडव्या रेघांनी. आजोबांनी मला हे एका पावसाळी संध्याकाळी, पेढीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर, दहा मिनिटांत शिकविले होते. त्या दहा मिनिटांवर पुढे पन्नास वर्षांनी एका कुटुंबाचे नऊ गुंठे अवलंबून होते.

आपल्या खासबाग, शहापूर, बेळगाव, निपाणी या बाजूच्या किती घरांतून लोखंडी ट्रंकांत, फडक्यात बांधलेले असे कागद पडून असतील, हे आपण जाणतो. कोणाचे आजोबा पेढीवर होते, कोणाचे कुलकर्णी, कोणाचे संस्थानच्या नोकरीत. मोडी वाचणारी माणसे आपल्यात आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्यांतील बहुतेक ऐंशीच्या पुढची आहेत. या दिवाळीत ट्रंक उघडून तो एक कागद तरी त्यांच्यासमोर धरावा, शेजारी घरातल्या एखाद्या मुलाला बसवावे आणि आकड्यांपुढच्या रेघा तेवढ्या वाचून घ्याव्यात. मी माझ्या नातीला मागच्या आठवड्यात २॥ लिहून दाखविले. तिने क्षणभर पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, हे तर अकरासारखं दिसतं." मी म्हटले, "हो बाळ, तसंच दिसतं. म्हणूनच तर सांगतोय."